दोन हत्तींचे सूत : भारतातील व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा पूर्वेतिहास

मालावर उमटवलेली खूण ही त्या मालाच्या कर्त्याची किंवा विक्रेत्याची मालमत्ता असते आणि ती दुसऱ्याने उचलल्यास न्यायालयाने त्याला रोखावे, हा विचार भारतात नोंदणीचा कायदा होण्याच्या कितीतरी आधी कापडबाजारात रुजला होता. व्यापारचिन्ह म्हणजे एका व्यापाऱ्याचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखता यावा म्हणून वापरलेले नाव, चित्र, अक्षर, आकडा किंवा यांचे मिश्रण. बाजाराच्या बोलीत त्याला छाप, मार्का किंवा शिक्का म्हणत आले आहेत. अशा चिन्हांची सरकारी नोंदवही ब्रिटनमध्ये १८७५ च्या कायद्याने उघडली आणि १८७६ च्या आरंभी बास या मद्यनिर्मात्यांच्या लाल त्रिकोणाची पहिली नोंद तिच्यात झाली. भारताला त्यासाठी १९४० पर्यंत थांबावे लागले. या सहा दशकांहून अधिक काळात मुंबईच्या बाजाराने नोंदवहीवाचून जे व्यवहार केले, त्यांतून घडलेल्या समजुती आजच्या कायद्यातही टिकून आहेत आणि आपल्या दुकानाचे वा मालाचे नाव नोंदवू पाहणाऱ्या व्यावसायिकाला त्या ठाऊक नसल्यास तो नोंदणीपत्राकडून नको तितकी अपेक्षा करून बसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई बंदरात उतरणाऱ्या मालात मँचेस्टरचे कापड आणि ग्लासगोच्या परिसरात रंगवलेले लाल सूत यांचा मोठा वाटा होता. हा माल गिरणीकडून निर्यातदार पेढीकडे, तिच्याकडून मुंबईतील आयातदार पेढीकडे, तिथून दलालांमार्फत घाऊक व्यापाऱ्यांकडे आणि शेवटी कोकण, देश, खानदेश, वऱ्हाडातील आठवडी बाजारांत बसणाऱ्या किरकोळ विक्रेत्यांकडे जाई. १८७४ साली उभ्या राहिलेल्या मुळजी जेठा मार्केटसारख्या पेठेत ठाण उलगडून पाहण्याची सोय होती खरी, पण नुसत्या पाहण्याने कापडाची खरी प्रत कळत नसे, कारण त्या काळात मँचेस्टरचे कोरे कापड चिनी मातीची भरपूर खळ देऊन जड आणि दाट दिसेल असे केलेले असे आणि ती खळ पहिल्या धुण्यात निघून गेल्यावरच गिऱ्हाइकाच्या हाती काय पडले ते उघड होई. अशा बाजारात गिऱ्हाईक कापडापेक्षा खुणेवर भरवसा ठेवू लागले तर त्यात त्याचा भाबडेपणा नव्हता. मागच्या खेपेला ज्या चित्राचे कापड टिकले तेच चित्र पुन्हा मागून घेणे, एवढाच पडताळा त्याच्या हाती होता.

ही चित्रे म्हणजे ठाणाच्या दर्शनी बाजूला किंवा सुताच्या पुड्यावर चिकटवलेली रंगीत शिळाछापाची कागदी तिकिटे. त्यांच्यावर हत्ती, मोर, वाघ, राजेरजवाडे, आगगाड्या आणि हिंदू देवदेवता असत. मँचेस्टरच्या छापखान्यांत बसलेल्या चित्रकारांनी काढलेले हे देव कधी कधी फारच इंग्रजी अंगलटीचे दिसत, तरीही ते घरात भिंतीवर लागत आणि काही घरांत पूजेतही जात. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेला राजा रविवर्म्याचा छापखाना जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या मालकीचा झाल्यावर देवादिकांच्या तसबिरींबरोबर व्यापारी लेबलेही छापू लागला, त्यामुळे तसबीर आणि तिकीट यांतले अंतर आणखी कमी झाले. तिकिटांखेरीज ठाणाच्या टोकाला विणलेल्या रंगीत ओळी आणि कापडावर मारलेले आकडे याही खुणाच होत्या. मात्र या सर्व खुणांचा धनी नेमका कोण, हा प्रश्न अवघड होता, कारण एकाच गिरणीचा माल वेगवेगळ्या पेढ्या आपापल्या तिकिटाखाली विकत आणि एकच पेढी वेगवेगळ्या गिरण्यांचा माल एका तिकिटाखाली आणत असे. तिकीट गिरणीचे, निर्यातदाराचे, की ते बाजारात नावारूपाला आणणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्याचे, याचे उत्तर प्रत्येक सौद्यात वेगळे निघू शके.

या बाजाराचे स्वरूप इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठासमोर उलगडले ते जॉन्स्टन विरुद्ध ऑर ईविंग या खटल्यात, ज्याचा निकाल हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८८२ मध्ये दिला. ऑर ईविंग ही स्कॉटलंडमधील लेव्हन नदीच्या खोऱ्यात तुर्की लाल रंगाचे, म्हणजे मंजिष्ठाच्या जातीतून निघणाऱ्या पक्क्या लाल रंगाचे काम करणारी पेढी होती आणि तिचे सूत मुंबई व एडनच्या बाजारांत दोन हत्तींच्या तिकिटाखाली खपत असे. तिथले गिऱ्हाईक पेढीचे नाव घेत नसे, ते ‘भे हाथी’, म्हणजे दोन हत्तींचे, सूत मागे. जॉन्स्टन पेढीनेही त्याच बाजारांसाठी दोन हत्ती असलेले तिकीट काढले, पण चित्राचा तपशील वेगळा ठेवला आणि स्वतःचे नाव इंग्रजीत स्पष्ट छापले. ग्लासगो किंवा लंडनमधील कोणताही व्यापारी या दोन तिकिटांत गफलत करणार नाही आणि पेढीकडून थेट माल घेणारा पहिला खरेदीदारही फसणार नाही, असा युक्तिवाद करण्यास त्यामुळे वाव होता. न्यायपीठाने मात्र शेवटच्या गिऱ्हाइकाकडे पाहिले : ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, ज्याने मालाचे नाव दोन हत्तींवरून ठेवले आहे, त्याच्या दृष्टीने दुसऱ्या पेढीचे दोन हत्ती हे त्याच मालाचे हत्ती ठरणार. पहिला खरेदीदार सर्व जाणून माल घेत असला तरी पुढच्याला फसवण्याचे साधन त्याच्या हाती देणे हाही अपराधच, असे मानून ऑर ईविंगच्या बाजूने मनाई कायम झाली.

या निकालाचे महत्त्व अनेकदा केवळ इंग्रजी कायद्याच्या अंगाने सांगितले जाते, परंतु त्याचा खरा आशय मुंबईच्या बाजाराने पुरवला होता. चिन्हांतील साम्य मोजताना न्यायाधीशाचा किंवा जाणत्या व्यापाऱ्याचा डोळा प्रमाण धरायचा नाही, तर तो माल ज्याच्या घरी जाणार त्याचा डोळा, त्याची भाषा आणि त्याची अर्धीमुर्धी आठवण प्रमाण धरायची, हे तत्त्व पुढे भारतातील न्यायालयांनी आपलेसे केले, कारण ते इथल्याच परिस्थितीतून आलेले होते.

नोंदवही नसताना भारतातील व्यापारी कोणत्या आधारावर न्याय मागत होता, तेही पाहण्याजोगे आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत व्यापारचिन्हाची व्याख्या होती आणि खोटे चिन्ह लावणे, चिन्हाची नक्कल करणे हे गुन्हे ठरवलेले होते. १८७७ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याने मनाई हुकूम कधी द्यावा हे सांगताना व्यापारचिन्ह ही मालमत्ता होय असे एका स्पष्टीकरणात नमूद केले. याखेरीज इंग्लंडच्या न्यायालयांतून आलेला ‘पासिंग ऑफ’चा दावा होताच. आपला माल दुसऱ्याचा आहे असे भासवून विकण्याविरुद्धचा हा दावा लावताना फिर्यादीला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : आपल्या खुणेला बाजारात लौकिक आहे, प्रतिवादीच्या वागण्याने गिऱ्हाइकाची दिशाभूल होते किंवा होण्याचा संभव आहे, आणि त्यातून आपले नुकसान होते. या तिन्हींचा पुरावा जमवायचा म्हणजे दलाल, घाऊक व्यापारी, किरकोळ दुकानदार यांच्या साक्षी आणि वर्षानुवर्षांच्या वह्या न्यायालयात आणायच्या. हा खर्च टाळण्यासाठी व्यापाऱ्यांनी दोन तोडगे काढले. एक म्हणजे दस्तनोंदणीच्या कचेरीत जाऊन ‘हे चिन्ह आमचे आहे’ असे घोषणापत्र नोंदवायचे आणि वर्तमानपत्रात इशाऱ्याची जाहिरात द्यायची. दुसरा म्हणजे १८७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या गिरणीमालक संघासारख्या संस्थेच्या नोंदीत आपली तिकिटे आणि आकडे दाखल करायचे. यांतल्या कशानेही कायद्याने हक्क निर्माण होत नसे, पण अमुक तारखेला आपण हक्क सांगितला होता एवढे तरी दाखवता येई. यातला पहिला तोडगा किती चिवट निघाला ते ब्रह्मदेशात दिसते. तो देश १९३७ मध्ये भारतापासून प्रशासकीयदृष्ट्या वेगळा झाल्याने १९४० चा कायदा त्याला लागू झाला नाही, आणि तिथले व्यापारी घोषणापत्र व वर्तमानपत्री इशारा यांवरच आपली चिन्हे सांभाळत राहिले; म्यानमारचा नवा नोंदणी कायदा पूर्णपणे अमलात आला तो १ एप्रिल २०२३ रोजी.

नोंदणीचा कायदा भारतात करण्याची पहिली हालचाल १८७० च्या दशकाच्या अखेरीस झाली. मुंबईच्या गिरणीमालकांनी मागणी केली, १८७९ मध्ये विधेयकही आले, पण व्यापारी वर्गातूनच विरोध झाल्याने ते बारगळले. हा विरोध निव्वळ नव्याच्या भीतीपोटी होता असे समजणे बरोबर होणार नाही. नोंदवहीत प्रत्येक चिन्हापुढे एक धनी लिहावा लागतो आणि वर पाहिल्याप्रमाणे कापडाच्या तिकिटांचा धनी ठरवणे हेच बाजाराला सोयीचे नव्हते. ज्याची नोंद आधी होईल तो बाकीच्यांची वाट अडवील ही शंका रास्त होती. मँचेस्टरमध्येही कापडाच्या चिन्हांनी हाच पेच उभा केला होता आणि तिथे त्यांची छाननी करण्यासाठी जाणकारांची स्वतंत्र समिती नेमावी लागली होती.

दहा वर्षांनी कायदा झाला, पण तो नोंदणीचा नव्हता. १८८९ चा भारतीय व्यापारी माल चिन्ह कायदा ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्याच्या धर्तीवर होता आणि त्याचा भर खोट्या ‘व्यापारी वर्णना’वर होता, व्यापारी वर्णन म्हणजे मालाचे वजन, माप, संख्या, बनण्याचे ठिकाण, घडवण्याची रीत यांविषयी मालावर केलेले विधान. ठाणावर त्याची लांबी वारांत छापण्याची सक्ती याच कायद्याने आली आणि सामान्य गिऱ्हाइकाला त्याचा जो फायदा झाला तो चित्रांवरील कोणत्याही वादापेक्षा मोठा म्हणावा लागेल. परदेशी माल दुसऱ्याच देशाचा म्हणून आणला जात असल्यास जकात अधिकाऱ्यांना तो अडवता येऊ लागला.

स्वदेशी चळवळीने या वर्णनांना वेगळेच मोल आणले, कारण माल कुठे आणि कसा बनला हेच आता विक्रीचे कारण ठरू लागले. गांधीयुगात खादीला मागणी वाढली तेव्हा गिरणीत काढलेले जाडेभरडे कापड, त्यात परदेशीही, खद्दर म्हणून विकण्याची लाट आली. खादी हे कोणा एका व्यापाऱ्याचे चिन्ह नव्हते, म्हणून चिन्हाच्या मालकीचा दावा लावणार कोण? १९३४ च्या खद्दर नाम संरक्षण कायद्याने यावर नेटका उपाय काढला : खादी किंवा खद्दर हे शब्द कापडावर आल्यास ते हाताने कातलेल्या सुताचे आणि हातमागावर विणलेले कापड असल्याचे व्यापारी वर्णन मानले जाईल, म्हणजेच गिरणीच्या कापडावर ते लावणे १८८९ च्या कायद्याखाली गुन्हा होईल. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये याच आशयाचा नवा कायदा झाला. नोंदवहीविना, मालकाविना नावाला मिळालेले हे संरक्षण भारतीय कायद्यातील एक लक्षणीय प्रकरण आहे आणि त्याची हवी तेवढी दखल घेतली गेलेली नाही.

१९४० च्या व्यापारचिन्ह कायद्याने अखेर नोंदवही उघडली. तिच्यात चिन्ह दाखल झाले की मालकाला सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात त्या मालापुरता एकाधिकार मिळे आणि दाव्यात लौकिकाचा पुरावा नव्याने उभा करण्याची गरज उरत नसे. या कायद्याने आणि त्याच्या जागी आलेल्या १९५८ च्या कायद्याने कापडासाठी स्वतंत्र प्रकरण राखले होते, हे साठ वर्षांपूर्वीच्या विरोधाचे उत्तर होय. ठाणाच्या टोकाच्या रंगीत ओळींवर कोणाचाही एकाधिकार मानायचा नाही, अक्षरे व आकडे यांच्या नोंदीवर विशेष बंधने ठेवायची, नाकारलेल्या चिन्हांची वेगळी यादी करायची आणि बाजाराच्या चालीरीतींबाबत जाणकारांचा सल्ला घ्यायचा, असे त्याचे स्वरूप होते. जुन्या चिन्हांना आणखी एक सवलत होती : २५ फेब्रुवारी १९३७ पूर्वीपासून सतत वापरात असलेले चिन्ह मुळात पुरेसे वेगळे नसले, तरी दीर्घ वापराने त्याला ओळख मिळाली आहे असा पुरावा नोंदणी अधिकाऱ्याला स्वीकारता येई. १९५८ च्या कायद्याने, जो २५ नोव्हेंबर १९५९ पासून लागू झाला, १९४० चा कायदा, १८८९ चा कायदा आणि दंड संहितेतील व्यापारचिन्हांविषयीची कलमे एकत्र आणली.

नोंदणीस पात्र काय आणि अपात्र काय, हा प्रश्न तेव्हापासून मूलतः बदललेला नाही. मालाचे वर्णन करणारे शब्द, जसे की लोणच्यासाठी ‘चविष्ट’, एकाला तोडून देता येत नाहीत, कारण तो शब्द इतर सर्व लोणचेवाल्यांनाही लागतो. उलट मालाशी काहीच संबंध नसलेला किंवा नव्याने घडवलेला शब्द सर्वांत बळकट ठरतो. दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईच्या धंद्याला हात घातला तेव्हा घोडा आणि पुढे उंट ही चिन्हे निवडली. शाईचा उंटाशी काही संबंध नाही, आणि तेच त्या चिन्हाचे सामर्थ्य आहे. धार्मिक भावना दुखावणारी चिन्हे वर्ज्य आहेत. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या यादीत महात्मा गांधींबरोबर छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्रही आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातील नव्या व्यावसायिकाने दुकानाची पाटी रंगवण्याआधीच पाहून घ्यावी. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ या शब्दावर एकाधिकार मागणाऱ्या व्यापाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नकार दिला, कारण पवित्र ग्रंथाचे नाव तेवढ्यानेच कोणा एकाचे होऊ शकत नाही.

साम्याच्या कसोटीबाबत दोन हत्तींच्या निकालाचा धागा सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांत स्पष्ट दिसतो. लाहोरमध्ये सुरू झालेल्या ‘अमृतधारा’ या औषधाच्या मालकांनी ‘लक्ष्मणधारा’च्या नोंदणीला घेतलेली हरकत १९६२ मध्ये निकाली निघाली. दोन्ही शब्दांची फोड करून अर्थभेद दाखवणे हे पंडिताचे काम आहे, साधारण बुद्धीचा आणि पुसट आठवणीचा गावकरी नावाचा एकंदर नाद लक्षात ठेवतो, म्हणून नावे फसवी आहेत असे न्यायालयाने मानले. तथापि मूळ मालकाने दीर्घकाळ दुसऱ्याचा धंदा चालू दिला होता, यामुळे लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंद मिळाली. १९७२ च्या खटल्यात मुंबईच्या पार्ले कंपनीच्या ग्लुकोज बिस्किटांच्या वेष्टनावर गाई-कोंबड्यांच्या वाड्यात भांडे घेतलेली मुलगी होती, तर म्हैसूरच्या उत्पादकाच्या वेष्टनावर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली मुलगी, गाई आणि कोंबड्या होत्या. खालच्या दोन्ही न्यायालयांनी फरक मोजून दावा फेटाळला होता. सर्वोच्च न्यायालयाने ही मोजणीच चूक ठरवली, कारण दुकानात गिऱ्हाइकापुढे दोन्ही पुडे शेजारी ठेवलेले नसतात.

सध्याचा १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. त्याने सेवांच्या चिन्हांना प्रथमच नोंदणी दिली, नोंदीची मुदत सात वर्षांवरून दहा केली आणि कापडाचे स्वतंत्र प्रकरण कायम ठेवले. आता सूत, कापड आणि तयार कपडे हे पंचेचाळीस वर्गांपैकी अनुक्रमे २३, २४ आणि २५ क्रमांकाचे वर्ग आहेत. अर्ज आधी तपासला जातो, आक्षेप असल्यास अर्जदाराचे उत्तर मागवले जाते, मग तो व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध होतो आणि चार महिन्यांत कोणीही विरोध नोंदवू शकतो. विरोध टळला की नोंद होते आणि ती अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. २०१७ च्या नियमांनुसार ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये आहे. वर्तुळातील ‘आर’ हे अक्षर नोंद झाल्यावरच लावता येते, आधी लावणे बेकायदा आहे. आणि नोंद झालेले चिन्ह सलग पाच वर्षे व तीन महिने वापरले नाही तर ते नोंदवहीतून काढून टाकण्याची मागणी होऊ शकते. वापराविना हक्क टिकत नाही हा जुन्या बाजाराचा नियम इथे कायद्याच्या भाषेत आलेला आहे.

तो नियम अधिक ठळकपणे दिसतो कलम ३४ मध्ये. नोंदणीकृत मालकाचा वापर किंवा त्याची नोंद, यांपैकी जे आधीचे असेल त्याच्याही आधीपासून जो तेच चिन्ह सतत वापरत आला, त्याला मालक अडवू शकत नाही. आणि पासिंग ऑफचा दावा कायद्याने जसाच्या तसा राखून ठेवला आहे. तिरुनेलवेलीच्या १९०० सालापासून प्रसिद्ध असलेल्या ‘इरुट्टुकडै’ हलव्यावरून २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या वादात दोन्ही पक्षांपाशी नोंदणीपत्रे होती. नोंदणीकृत मालकाने दुसऱ्या नोंदणीकृत मालकावर नोंदणीच्या भंगाचा दावा लावता येत नाही, हे न्यायालयाने मान्य केले, पण पासिंग ऑफचा हक्क नोंदणीच्या हक्काहून व्यापक आहे असे सांगत नाव आधीपासून वापरणाऱ्या जुन्या दुकानाच्या बाजूने मनाई कायम ठेवली.